खालच्या आजींना चालेल असा ट्रेनर

पत्र:

पुण्यात असताना दर रविवारी सायकलवर सिंहगड नाहीतर बोपदेव घाट ठरलेला असायचा. २०० आणि ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठराविक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड) वेळेत पूर्ण केल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी स्टुटगार्टला आले. पहिला हिवाळा बर्फाच्या कौतुकात गेला. दुसऱ्या हिवाळ्यात सायकल नोव्हेंबरमध्ये केलरमध्ये (इमारतीच्या तळघरात) गेली ती थेट मार्चमध्ये बाहेर आली, आणि मग साध्या चढावर धाप लागायला लागली. येत्या वसंतात ४०० ची ब्रेव्हे करायची आहे, म्हणून यंदा घरात ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र) आणायचं मनात आहे. घर भाड्याचं, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, जमीन लाकडी. खाली एक आजी एकट्या राहतात, आमची खुर्ची सरकली तरी त्यांना कळतं. सायकल ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यावरही चालणारी), डिस्क ब्रेक, थ्रू-अ‍ॅक्सल (चाकातून आरपार जाणारा जाड दांडा), मागे शिमानोची ११ गिअरची ११-३४ कॅसेट (११ ते ३४ दात्यांच्या चकत्यांचा संच), टायर ३८ मिलिमीटरचे, गुठळ्यांचे. बजेट ५०० युरो. नवरा म्हणतो, सव्वाशे युरोचा मागच्या चाकाला टेकणारा घे. ऑफिसातला मित्र म्हणतो, हजाराच्या वरचा टॅक्स निओ घे, नाहीतर घेऊच नको. क्लबमधले एक काका रोलरशिवाय दुसरं बोलत नाहीत. मी काय घेऊ? आणि दोन-तीन वर्षांनी पुण्याला परतायचं ठरलं तर तो सोबत नेता येईल का?

– घाटवेडी, स्टुटगार्ट

उत्तर:

नमस्कार ताई,

सल्ला द्यायला तुमच्याकडे आधीच तिघं आहेत, पण त्या तिघांनीही खालच्या आजींना मोजलेलं नाही. ट्रेनर कुठला घ्यायचा हे वॉट (पेडलवरचा जोर) आणि चढाचे टक्के यांवरून ठरवायची पद्धत आहे. तुमच्या बाबतीत ते आजींच्या छतावरून आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तुमच्यात किती उत्साह उरतो यावरून ठरवावं लागेल. स्टुटगार्टमध्ये डिसेंबरअखेर साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या अंधारात घरी पोचल्यावर चाक काढा, ट्रेनर कपाटातून ओढा, वायर शोधा असं दहा मिनिटांचं काम पुढ्यात असेल तर आठवडाभरात त्याच्यावर कपडे वाळत पडतील. म्हणून मांडून ठेवता येईल असाच घ्यायचा, आणि मांडायचा कुठे हेही विकत घेण्याआधी ठरवायचं.

आधी नवऱ्याची सूचना निकालात काढू. मागच्या चाकाला टेकणाऱ्या ट्रेनरमध्ये टायर एका धातूच्या रुळावर घासत फिरतो. विरोध चुंबकाने किंवा तेलाने निर्माण होतो. तेलाचा प्रकार त्यातल्या त्यात शांत आणि खऱ्या रस्त्याच्या जवळ जाणारा, पण तो सव्वाशे युरोत सहसा येत नाही. ज्याच्याकडे गुळगुळीत टायरची साधी रोड बाइक आहे आणि खाली गॅरेज आहे, त्याला मीही हाच घ्यायला सांगेन. तुमच्या सायकलला मात्र तो दोन ठिकाणी नडतो. एक म्हणजे टायर. गुठळ्यांचा ग्रॅव्हल टायर रुळावर फिरला की जो गोंगाट होतो, त्यापुढे खुर्ची सरकल्याचा आवाज काहीच नाही. दुसरं म्हणजे अशा ट्रेनरचा चिमटा जुन्या क्विक रिलीजच्या (खटक्याने उघडणाऱ्या बारीक दांड्याच्या) टोकांना धरतो. थ्रू-अ‍ॅक्सलसाठी वेगळा दांडा विकत घ्यावा लागतो. त्यात ट्रेनरसाठीचा गुळगुळीत टायर धरा, तो दर हिवाळ्यात चढवणं-उतरवणं धरा, म्हणजे सव्वाशेचे दोनशे होतात आणि तरीही घसरणारं चाक आणि अंदाजे वॉट एवढंच पदरात पडतं. टायर तापला, हवा थोडी कमी झाली, रूळ कमी-जास्त आवळला गेला, की आकडे बदलतात. तुम्हाला तयारी करायची आहे ४०० ची, तर आकडे निदान कालच्याशी आज जुळायला हवेत.

मित्राचा निओ उत्तम यंत्र आहे, त्यात वाद नाही. टॅक्स ही मूळची डच कंपनी, २०१९ मध्ये गार्मिनने घेतली. निओमध्ये पट्टा नाही, जड फिरतं चाक नाही, चुंबकांनीच सगळं होतं, आणि विजेशिवायही तो चालतो. निओ २टी २५ टक्क्यांपर्यंतचा चढ आणि २२०० वॉटपर्यंतचा जोर झेलतो, अचूकता एक टक्क्याच्या आत. पण २२०० वॉट हे शर्यतीच्या शेवटी झेप घेणाऱ्या स्प्रिंटरचं काम. ४०० च्या ब्रेव्हेला २७ तास मिळतात. तिथे माणूस १२०–१५० वॉटवर रात्रभर चालवत राहतो, आणि पहाटे चारला पेट्रोलपंपावर कॉफी शोधतो. सिंहगडाचा शेवटचा टप्पा छाती फोडत असला तरी १५–१६ टक्क्यांच्या पलीकडचा ट्रेनर तुम्हाला कशाला? आणि एक गंमत. निओमध्ये दगडी रस्त्याची थरथर पायाला जाणवून देण्याची सोय आहे. ती चालू ठेवलीत तर फरसबंदीचा अनुभव तुमच्याबरोबर आजीही घेतील. ती बंद करता येते, पण मग जास्तीचे पैसे कशाचे दिले?

तर तुमच्यासाठी मधला रस्ता: मागचं चाक काढून सायकल थेट ज्यावर बसवतात तो ट्रेनर, इंग्रजीत ज्याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात तो, आणि त्यातही मधल्या किमतीचा. नावं द्यायची तर वाहू किकर कोर किंवा एलिट सुइटो. किकर कोर १८०० वॉट आणि १६ टक्के चढापर्यंत, अचूकता दोन टक्क्यांच्या आत, आतलं जड चाक ५.४ किलोचं. सुइटो इटालियन आहे, १५ टक्क्यांपर्यंत, अचूकता अडीच टक्क्यांच्या आत, आणि तो बराचसा जुळवलेलाच खोक्यातून निघतो. मोठा फरक पायांचा. सुइटोचे पाय दुमडतात, कोरचे दुमडत नाहीत. पाहुणे आले की तुमच्या घरात ट्रेनर भिंतीला लावून ठेवावा लागणार असेल तर सुइटो घ्या. कोपरा कायमचा देता येत असेल तर कोर घ्या, पायाखाली तो जास्त भरीव वाटतो. दोन्ही नवे किंवा एका हिवाळ्याचे जुने तुमच्या बजेटच्या आसपास बसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळ्यांनाच ट्रेनर हवा असतो. एप्रिल-मेमध्ये क्लाइनअनत्साइगनवर (जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या साइटवर) तेच ट्रेनर ‘जागा अडते’ म्हणून निघतात. आता तेवढं थांबायला वेळ नाही, हे कळतं.

जुना घ्यायचा मोह असला तरी तुमच्या बाबतीत मी नवा आणि तोही ऑनलाइन घ्यायला सांगेन, आणि त्याचं कारणही आजीच. ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत काही कारण न देता परत करायचा हक्क युरोपात ग्राहकाला आहे. दुकानात जाऊन घेतलीत तर तो हक्क आपोआप मिळत नाही, दुकानदाराच्या मर्जीवर असतं. खासगी माणसाकडून जुना घेतला तर तो ‘जसा आहे तसा’ म्हणून हात झटकू शकतो. परतीच्या कुरिअरचा खर्च कोण देणार ते आधी वाचा, हे खोकं वीस किलोच्या घरात जातं. आणि पहिले दोन आठवडे ते खोकं फेकू नका, केलरमध्ये ठेवा.

त्या १४ दिवसांत करायचं काय, तर एक चाचणी. एखाद्या संध्याकाळी सातच्या सुमारास केक घेऊन खाली जा. आजींना सांगा की वर एक यंत्र आणलंय, त्याचा त्रास होतो का ते मला तुमच्या खोलीत बसून ऐकायचंय. आणि वर नवऱ्याला पेडल मारायला बसवा. आधी सावकाश, मग जोरात, मग उभं राहून. फोनवरून त्याला सूचना द्या. वरच्या घरात बसून तुम्हाला कधीच कळणार नाही असं काहीतरी खाली ऐकू येईल, कारण या यंत्रांचा हवेतून येणारा आवाज आता फार नसतो. वर मोठी वाटते ती साखळीची खसखस, खाली पोचतो तो जमिनीतून उतरणारा जाड घुमारा. आजी हो म्हणाल्या, तर निम्मं काम झालं. शिवाय ज्या शेजाऱ्यांनी स्वतः वेळ ठरवून दिलेली असते, ते दरवाजा वाजवत नाहीत. रात्री १० ते सकाळी ६ शांतता हा तिकडचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहेच, आणि रविवारी दिवसभर. पुण्यातला सकाळी साडेपाचचा गजर आता विसरा. संध्याकाळी सहा ते साडेआठ ही तुमची वेळ.

मांडणीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण जुन्या लाकडी जमिनीत खरी मेख इथे आहे. लाकडी तुळयांची जमीन खोलीच्या मधोमध सगळ्यात जास्त हलते आणि भिंतीजवळ, जिथे तुळई भिंतीत शिरते तिथे, सगळ्यात कमी. म्हणून ट्रेनर हॉलच्या मध्यात टीव्हीसमोर नको, जाड भिंतीला लागून हवा. खिडकीशेजारची बाहेरची भिंत असेल तर उत्तमच. खाली नुसता योगा मॅट टाकून भागत नाही, तो घाम टिपतो, घुमारा अडवत नाही. वॉशिंग मशीनखाली घालतात ते जाड रबरी तुकडे घ्या, त्यावर सायकलच्या लांबीचा प्लायवूडचा जाडसर पाट, आणि त्यावर मॅट. रबर फार मऊ घेऊ नका, सायकल डुलायला लागली की पेडल मारताना कंबर बोलते. पाटाची कडा भिंतीला टेकू देऊ नका, दोन बोटं अंतर ठेवा, नाहीतर सगळी मेहनत भिंतीतून खाली जाईल. केलरमध्येच का नको, असं मनात आलं असेल. तिथला वीजजोड बऱ्याच इमारतींत सामायिक मीटरवर असतो, म्हणजे घरमालकाला विचारावं लागेल. आणि तिथली थंडी, अंधार आणि वाय-फायचा अभाव यांनी जानेवारीत तुमचं मन मोडेल.

आता सायकल बसवताना. तुमची ११-३४ ची कॅसेट हीच एक अडखळायची जागा आहे. शिमानोची ११ गिअरची ११-३४ कॅसेट मुळात थोड्या आखूड हबसाठी (ज्यावर कॅसेट सरकवतात त्या भागासाठी) बनवलेली आहे. ट्रेनरवर सहसा ११ गिअरचा रोड प्रकारचा हब येतो, तो किंचित लांब. दोन्हींमधला फरक १.८५ मिलिमीटरच्या पातळ चकतीने भरतात. ती चकती आधी हबवर सरकवायची, मग कॅसेट. विसरलात तर लॉकरिंग (कॅसेट आवळणारी कडी) घट्ट आवळूनही कॅसेट हाताने हलते, आणि चालवताना टिकटिक येते, आणि ट्रेनर खराब निघाला म्हणून लोक तक्रार करतात. चकती बहुधा ट्रेनरबरोबर येते किंवा तुमच्या चाकाच्या हबवर असते. नसेल तर सायकलच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळते. कॅसेट काढा-घाला करण्यापेक्षा ट्रेनरसाठी तशीच दुसरी घेऊन ठेवा, म्हणजे रविवारी हवा बरी निघाली तर फक्त चाक बदलायचं. थ्रू-अ‍ॅक्सलसाठी लागणाऱ्या टोप्या बहुतेक ट्रेनरबरोबर येतात, तुमच्या सायकलच्या मागच्या मापाची खात्री करून घ्या. रोड आणि ग्रॅव्हलला सहसा १४२ बाय १२.

आणि चाक काढलेलं असताना मागच्या ब्रेकचा दांडा चुकूनही दाबू नका. डिस्क मध्ये नसली की पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग चाक बसतच नाही. सायकल नवी घेतली तेव्हा ब्रेकमध्ये एक प्लास्टिकचा तुकडा होता, तो शोधा. गेला असेल तर जाड पुठ्ठा घडी करून खोचा. हात हँडलवर असताना सवयीने ब्रेक दाबला जातोच.

एक पर्याय अजून आहे आणि आजींच्या दृष्टीने तो विचार करण्यासारखा आहे. काही ट्रेनर पूर्ण कॅसेटऐवजी दात्यांच्या एकाच चकतीसह मिळतात आणि गिअर आभासी असतात, म्हणजे साखळी जागची हलत नाही, ट्रेनर स्वतःच विरोध कमी-जास्त करतो. झ्विफ्ट या घरातल्या सायकलिंगच्या अ‍ॅपने हे लोकप्रिय केलं. साखळी सतत सरळ रेषेत राहते म्हणून तिची खसखस कमी होते, ११-३४ ची ती चकतीची भानगडही राहत नाही, आणि नवऱ्याची वेगळ्या गिअरची सायकलही त्याच ट्रेनरवर चढते. मात्र तुम्ही जे अ‍ॅप वापरणार त्यावर हे आभासी गिअर चालतात का, ते आधी बघून घ्या.

अ‍ॅपवर मी फार वेळ घालवणार नाही. झ्विफ्टला महिन्याला साधारण २० युरो पडतात, मायव्हूश फुकट आहे. दोन्ही चालवून बघा. तुमच्याकडे गार्मिन किंवा वाहूचा सायकल कॉम्प्युटर असेल तर एक जमेल असं सुचवतो. पुण्यातल्या सिंहगड राइडची जुनी फाइल कॉम्प्युटरवर टाका, तो ट्रेनरला जोडा आणि रूट सुरू करा. चढ आला की ट्रेनर जड होतो, उतार आला की हलका. धूर, टेम्पो आणि वरचं पिठलं-भाकरी वगळता सिंहगड खोलीत येतो.

आता ज्याकडे नवखे दुर्लक्ष करतात ती गोष्ट: पंखा. माणसाचं शरीर खाल्लेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग पेडलवर पोचवतं, उरलेली उष्णता होते. तुम्ही १५० वॉट काढत असाल तर साडेचारशे-पाचशे वॉटची शेगडी त्या खोलीत तुम्हीच आहात. रस्त्यावर वारा ती उष्णता घेऊन जातो. खोलीत कुणी नेत नाही, म्हणून पंधराव्या मिनिटाला नाडी उगाच वर जाते आणि वाटतं की ट्रेनरच अवघड. त्या खोलीचं हीटर बंद करा, समोरून जोराचा वारा देणारा जमिनीवरचा पंखा लावा. टेबलावरचा छोटा पंखा पुरत नाही. ट्रेनरच्या बजेटातून चाळीस-पन्नास युरो वजा करून ते पंख्याला ठेवा, हे मी अगदी आग्रहाने सांगतो.

घामाचं दुसरं टोक तुमच्या घरमालकाकडे जातं. तासाभरात शरीरातून निघालेलं पाणी खोलीच्या हवेत जातं, थंड भिंतीवर बसतं, आणि जुन्या इमारतीत कोपऱ्यात काळी बुरशी धरते. राइड संपली की खिडकी सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा बदला. तिकडचे लोक हिवाळ्यातही हे करतात ते उगाच नाही. घर सोडताना भिंतीवरून वाद घालायची वेळ येऊ नये. सायकलसाठी हँडलवर टॉवेल टाका. घामातलं मीठ हँडलच्या टेपखाली आणि हेडसेटच्या (हँडल वळतं त्या सांध्याच्या) बोल्टमध्ये मुरतं आणि मार्चमध्ये ते बोल्ट उघडायला गेलात की कळतं. फ्रेम कार्बनची असेल तर उत्पादकाने ट्रेनरवर वापरायला परवानगी दिली आहे का, तेही वाचून ठेवा.

४०० बद्दल एक प्रामाणिक गोष्ट. ट्रेनरवर २७ तासांची तयारी होत नाही आणि करायची गरजही नाही. तिथे उतार नाही, सिग्नल नाही, पेडल थांबत नाही, म्हणून ट्रेनरवरचा एक तास बाहेरच्या तासापेक्षा जड जातो. आठवड्यातून तीन दिवस पाऊण ते सव्वा तास. एक दिवस सावकाश, एक दिवस दमवणारा, एक दिवस बेताचा. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभ्या राहून चालवा. बाहेर आपण खड्डा चुकवताना, वळताना नकळत बूड हलवतो. ट्रेनरवर ते होत नाही आणि सॅडलचे फोड येतात. बसण्याची सहनशक्ती, रात्रीचे दिवे, खाणं, झोपेशी झगडा, हे सगळं बाहेरच. हवा कोरडी आणि शून्याच्या वर असेल अशा एखाद्या शनिवारी तीन-चार तास बाहेर पडत जा. ओली पानं आणि सावलीतला बर्फ यांपासून सावध. रस्त्यावर मीठ टाकलेलं असेल तर घरी आल्यावर साखळी धुवून तेल द्या, नाहीतर तीही मार्चमध्ये उत्तर देईल.

रोलरवाल्या काकांना नमस्कार सांगा. तीन नळकांड्यांवर नुसत्या तोलावर सायकल चालवणं ही सुंदर कला आहे, पेडलची गोलाई त्याने सुधारते, आणि ते चालवणारा माणूस बघायला मलाही आवडतं. पण रोलरवर पुन्हा तोच ३८ चा गुठळ्यांचा टायर फिरणार, आणि शिकताना तुम्ही दाराच्या चौकटीला धरून दोन-चार वेळा धाडकन उतरणार. आजींच्या डोक्यावर ते नको. काकांकडे जाऊन शिका.

राहिला पुण्याचा प्रश्न. वीज दोन्हीकडे २३० व्होल्टच, पिन बदलली की काम भागतं, त्यामुळे यंत्र चालण्यात काही अडचण नाही. पुण्यात त्याला जून ते सप्टेंबर भरपूर कामही आहे. पण किकर कोरचं वजन १८ किलो, आणि विमानात एका बॅगेला सहसा २३ किलोची मर्यादा. म्हणजे ट्रेनर आणि वर दोन साड्या. शिवाय तिथे पट्टा गेला किंवा बेअरिंग बिघडलं तर दुरुस्तीसाठी जर्मनीतली पावती उपयोगी पडेलच असं नाही. परतायचं नक्की झालं तर ऑक्टोबर यायच्या आत जाहिरात टाका, मूळ खोकं आणि टोप्यांची पिशवी सोबत ठेवा, आणि विकताना गिऱ्हाईकाला त्या १.८५ च्या चकतीबद्दल आवर्जून सांगा.